वर्गाची किल्ली कोणाकडे?

गेल्या श्रावणात एका महाविद्यालयाच्या नव्या दालनाची फीत कापण्यासाठी मला बोलावणे आले. महाविद्यालयाचे नाव मी सांगणार नाही. तेथे जे पाहिले ते त्या एका संस्थेचे पाप नव्हे; आणि नाव घेतले की बाकीच्यांना आपण सुटलो असे वाटू लागते. मी शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या प्राथमिक शाळेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, दहावीला आमच्याकडची जुनी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि त्यांपैकी एखादी कोणा प्राध्यापकाच्या हाती पडल्यामुळे हा मान मला मिळाला असावा. ज्याने महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही त्याच्या हातून हे उद्घाटन व्हावे, हा गमतीचाच योग आहे असे कात्री हातात घेताना मनात आले. फीत कापून आत गेलो आणि गंमत सरली.

दालन देखणे होते, हे आधीच सांगून टाकतो. सपाट, गुळगुळीत फरशी. चाके लावलेल्या खुर्च्या. हवी तशी जोडता येतील अशी टेबले. तीन भिंतींना पांढरे फळे. चौथ्या भिंतीवर भलामोठा पडदा. दाराशी पाटी होती, 'लवचीक अध्ययन दालन'. येथे विद्यार्थी गटागटाने बसतील, आपसांत चर्चा करतील, दोन विषयांचे दोन प्राध्यापक एकाच वेळी एकाच वर्गाला शिकवतील, असे प्रास्ताविकात सांगण्यात आले. पण हे सांगितले जात असताना त्या साठ खुर्च्या समारंभासाठी ओळीने मांडलेल्या होत्या. सगळ्यांची तोंडे व्यासपीठाकडे. व्यासपीठावर आम्ही सहा जण. सहकार्याने शिकण्याचे महत्त्व आम्ही एकेकाने उभे राहून दीड तास सांगितले, आणि त्या दीड तासात समोरच्या साठ मुलांपैकी एकाचाही आवाज निघाला नाही. खुर्च्यांना चाके होती; ती कोणी फिरवून पाहिली नाहीत.

चहाच्या वेळी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. धनगरवाड्यावरची पोर, पहिली ते चौथी माझ्या हाताखाली शिकली, आता तेथे विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी म्हणालो, "चांगली सोय झाली की गं तुमची." ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "गुरुजी, ही खोली नॅकची हाय. आमची न्हवं." महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या मंडळींचे नाव पोरांच्या तोंडी असे बसले आहे. आणि खरोखरच, आम्ही अंगणात चहा पीत उभे असताना शिपाई आला, त्याने दिवे मालवले आणि दाराला कुलूप घातले. मी विचारले, "पोरांनी कधी बसायचं मग हितं?" तो बिचारा म्हणाला, "किल्ली आफिसात असती, गुरुजी. सायबांची सही झाली की मिळती."

मला ह्या लेखात जे सांगावयाचे आहे ते त्या शिपायाने एका वाक्यात सांगून टाकले आहे. जो वर्ग उघडण्यास सही लागते तो वर्ग लवचीक नव्हे. मी पुढे लिहिणार आहे ते केवळ ह्या वाक्याचा खुलासा म्हणून.

प्रथम एका गैरसमजाचा निकाल लावतो. खोलीला काही महत्त्व नाही, गुरू चांगला असला की झाडाखालीही विद्या मिळते, असे म्हणणारांचा एक पंथ आहे. मी त्या पंथाचा नाही. झाडाखालच्या शिक्षणाचे गोडवे ज्यांनी आषाढात शाहूवाडीला शाळा चालवली नाही त्यांनी गावेत. आंब्याच्या घाटाकडून पाऊस एकदा उतरला की आमच्याकडे झाड, गुरू आणि शिष्य तिघेही वाहून जातील. खोली पाहिजे, कोरडी पाहिजे, उजेडाची पाहिजे. इतकेच नव्हे, तर खोली ही स्वतःच एक शिक्षिका असते. मुलगा कोठे बसतो, त्याला कोणाचे तोंड दिसते आणि कोणाची पाठ दिसते, ह्यावरून त्याला न सांगता कळते की येथे बोलावयाचे कोणी आणि ऐकावयाचे कोणी.

मग आपल्या विद्यापीठांतल्या खोल्या मुलांना काय शिकवीत आल्या? मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले ते परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे विद्यापीठ म्हणून. शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे होते. त्याच्या पहिल्या भव्य इमारती कोणत्या, तर १८७४ साली पुरे झालेले पदवीदानाचे सभागृह, आणि १८७८ साली पुरा झालेला राजाबाई मनोरा व त्याखालचे ग्रंथालय. इमारती सुंदर आहेत. मी मुंबईस गेलो की अजून मान वर करून पाहतो. पण विद्यापीठ म्हटले की डोळ्यांसमोर पदवीदानाचा मंडप उभा राहावा आणि वर्ग उभा राहू नये, ही सवय आपल्याला तेव्हापासून लागली.

आणि परीक्षेची मांडणी तर आपल्या सगळ्या वर्गांत शिरून बसली. एकामागे एक बाक, प्रत्येकाच्या पुढे दुसऱ्याची पाठ, बाक जमिनीला खिळलेले, मास्तर चौथऱ्यावर. ही मांडणी शिकण्यासाठी नव्हे. एकाने दुसऱ्याच्या वहीत पाहू नये ह्यासाठी ती अगदी उत्तम आहे. मार्च-एप्रिलमध्ये तीन तासांपुरती जी व्यवस्था शोभते ती आपण वर्षभर पाळतो. शेजाऱ्याला विचारणे म्हणजे गुन्हा, शेजाऱ्याला सांगणे म्हणजे त्याहून मोठा गुन्हा, हे पहिलीपासून पंधरा वर्षे मुलांच्या अंगी मुरवायचे, आणि मग एके दिवशी त्यांना चाकाच्या खुर्चीवर बसवून म्हणायचे, की आता सहकार्य करा! ज्याला काल कॉपी म्हणत होतो त्यालाच आज सहकार्य म्हणतो, आणि ते आपल्याला मनापासून पटलेले नसल्यामुळे दाराला कुलूप घालतो.

नवल असे की ह्या मांडणीला आपल्याच जिल्ह्याने एकदा सणसणीत उत्तर दिले होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे काढविली. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पण मला सर्वांत मोठे वाटते ते १९१९ सालचे फर्मान: अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद कराव्यात आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेत सर्वांबरोबर बसवावे. वाचकांनी क्षणभर विचार करावा. त्या दिवशी एक बाक विकत आणला गेला नाही, एक भिंत बांधली गेली नाही. आणि तरीही संस्थानातल्या वर्गात सर्वांत मोठी हलवाहलव त्या दिवशी झाली. जी भिंत शतकानुशतके हलली नव्हती ती कागदावरच्या हुकुमाने हलली. गवंड्याने नव्हे.

महाराजांची वसतिगृहे बहुतेक जातवार होती, हे मी विसरलेलो नाही; त्या काळी मुलाला घराबाहेर काढण्याचा तोच रस्ता मोकळा होता. पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढून १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह उभे केले, त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले. त्या वसतिगृहातली मुले स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, शेतात राबत, आणि रात्री दिव्याभोवती बसून एकमेकांना शिकवीत. खोली एकच, सकाळी ती जेवणघर, दुपारी वर्ग, रात्री अभ्यासिका आणि त्यानंतर झोपण्याची जागा. 'लवचीक' हा शब्द त्या वेळी कोणाला सुचला नाही, कारण त्याची गरजच नव्हती. खोली मुलांची होती. जी मुले खोली झाडतात त्यांना ती कशी मांडावी हे विचारण्यासाठी कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही.

१९६२ च्या नोव्हेंबरात डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. उघड्या माळावर विद्यापीठ वसवताना त्यांनी 'कमवा आणि शिका' ही योजना आणली, ती ह्याच परंपरेतून. शेतकऱ्याचा पोर विद्यापीठात हक्काने राबेल आणि हक्काने शिकेल, अशी ती कल्पना. खेड्यातल्या मुलाला विद्यापीठ आपले वाटावे ह्याचा विचार आमच्या भागात साठ वर्षांपूर्वी झालेला आहे. आज आपण जे परदेशातून आणल्यासारखे मिरवतो त्याचा गाभा घरीच पुरून ठेवलेला आहे.

परदेशाचे उदाहरण मी टाळणार नाही. उलट ते नीट पाहावे असे माझे म्हणणे आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात रॉबर्ट बाइकनर नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने १९९० नंतरच्या दशकात व्याख्यानाचा वर्ग मोडून गोल टेबले मांडली. एका टेबलाशी नऊ विद्यार्थी, तिघातिघांचे तीन गट. मधोमध चौथरा नाही. शिक्षक आणि त्याचे मदतनीस टेबलांमधून फिरत राहणार. पुढे मॅसेच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेने २००० नंतर हीच रीत पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राला लावली. तेथे विद्यार्थ्यांनी आरंभी चक्क विरोधाचा अर्ज केला. आम्हाला आमची व्याख्याने परत द्या, म्हणाले. संस्थेने अर्ज वाचला, शिकवण्यात सुधारणा केल्या आणि प्रयोग चालू ठेवला. नापास होणारांचे प्रमाण पूर्वीपेक्षा उतरले. आमच्याकडची शिष्टमंडळे ह्या गोष्टीतले गोल टेबल तेवढे पाहून येतात. त्या टेबलाबरोबर तेथे अभ्यासक्रम बदलला होता, गृहपाठ बदलला होता, एका वर्गात एकाहून अधिक शिकवणारे उभे केले होते, आणि मुलांनी तक्रार केली तर ती ऐकून घेणारे कोणी होते. टेबल हे त्या बदलाचे शेपूट होते. आपण शेपूट विकत आणतो आणि गाय घरी आली म्हणून सांगतो.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर २०२५ साली गेले. त्यांनी १९८८ पासून पुण्यात 'आयुका' उभी केली. इमारत चार्ल्स कोरियांची. मधोमध पायऱ्यांचे कुंड आणि त्याच्या भोवती इमारती. देशातल्या कोणत्याही विद्यापीठातल्या शिक्षकाने यावे, राहावे, तेथल्या माणसांबरोबर काम करावे, ह्यासाठीच ती संस्था काढलेली. कुंड सुंदर आहे हे खरेच; पण तेथे येणारा माणूस काम करण्यासाठी येतो आणि त्याला तो हक्क आहे हे आधी ठरले, मग कुंडाचा नकाशा निघाला. हा क्रम उलटा केला की कुंडाच्या पायऱ्यांवर फक्त छायाचित्रे निघतात.

आता माझ्या अनुभवाचे दोन शब्द. २००१ साली मी वस्तीशाळेवर निमशिक्षक म्हणून लागलो. एक खोली, चार इयत्ता, एक मास्तर. बाक नव्हते, घोंगडी अंथरून मुले बसत. चार इयत्तांना एकाच वेळी एकट्याने व्याख्यान देणे ब्रह्मदेवालाही जमणार नाही, म्हणून पहिल्याच महिन्यात मी व्याख्यान सोडून दिले. चौथीतली पोर दुसरीतल्याला पाढे शिकवी, तिसरीतला पोर पहिलीतल्याचा हात धरून अक्षर गिरवी, आणि मी घोंगडीवरून घोंगडीवर फिरे. जून-जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की माझा आवाज तीन हातांपलीकडे जात नसे. त्या पावसाने मला जे शिकवले ते कोणत्याही प्रशिक्षणाने शिकवले नाही: पाऊस वाढला की व्याख्यान बंद पडते, पण चौघांचे एकमेकांच्या कानाशी चाललेले बोलणे बंद पडत नाही. आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही पत्र्याच्या छपराखाली ज्याने शिकवले आहे त्याला विचारा. जी रीत पावसात टिकते ती खरी.

प्राथमिक शाळांनी ह्या दिशेने महाराष्ट्रात मोठे काम केले आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटातल्या शाळांनी जमिनीचाच फळा केला. फरशीवर आकृत्या आखल्या, मुले गोल करून त्यांवर बसली आणि आपापसांत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहावयास गेले. मीही त्यांतला एक. पण २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम निघाला आणि पाहून आलेल्यांपैकी कित्येकांनी पहिले काम काय केले, तर रंगाचे डबे आणले. तेलरंगाने फरशा रंगल्या, छायाचित्रे वर गेली, आणि रंगलेल्या फरशीवर मुले पुन्हा ओळीने बसली. मूळ शाळांत आकृतीमागे शिक्षकाचे बदललेले मन होते. नकलेत नुसती आकृती आली. मी स्वतःही एक वर्ष असाच रंगारी झालो होतो, हे कबूल करतो. म्हणूनच चाकाच्या खुर्च्या पाहून मला त्या तेलरंगाचा वास येतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ह्या दालनांत दोन प्राध्यापक मिळून शिकवतील असे म्हणतात. कल्पना उत्तम आहे, कारण जगातले प्रश्न विषयाचे लेबल लावून येत नाहीत. आमच्याकडे चांदोलीच्या जंगलाकडून गवे उतरतात आणि एका रात्रीत उसाचा फड तुडवून जातात. हा प्रश्न प्राणिशास्त्राचा, अर्थशास्त्राचा, भूगोलाचा की कायद्याचा? ज्याचा फड गेला त्या शेतकऱ्याची मुलगी वर्गात बसलेली आहे. प्राणिशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक एकत्र उभे राहून तिच्याशी बोलले, तर तो तास ती जन्मभर विसरणार नाही.

पण हा तास कोणाच्या खात्यावर मांडायचा? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे असे आहे. ह्या तासांवर कार्यभार ठरतो, कार्यभारावर पदे ठरतात, पदांवर माणसांची पोटे ठरतात. वेळापत्रकाच्या चौकटीत एका तासापुढे एकच नाव मावते. दोघांनी मिळून शिकवले तर एकाचा तास लागणार आणि दुसऱ्याचा बुडणार, असे भय असेल तर कोणता शहाणा माणूस दुसऱ्याच्या वर्गात पाऊल टाकील? आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण प्राध्यापकांचे काय? त्यांना तर मोबदलाच तासावर. दोघांनी एक तास घ्यायचा आणि मोबदला अर्धा अर्धा वाटून घ्यायचा काय? हजेरीपत्रकात जे बसत नाही ते खोलीत बसत नाही. फरशीला बाक खिळलेले दिसतात म्हणून आपण ते उपटतो. कागदाला तास खिळलेला आहे तो कोणाला दिसत नाही.

दुसरा खिळा घड्याळाचा. आमच्या वाड्यावस्त्यांवरची मुले एस.टी.ने ये-जा करतात. शेवटच्या तासाची घंटा आणि गाडीची वेळ ह्यांमध्ये कधी दीड तास, कधी दोन तास जातात. दिवसातला हाच वेळ असा, की जेव्हा मास्तर नसतो, घंटा नसते आणि मुले आपल्या इच्छेने एकत्र असतात. सहकार्याने शिकण्याची ह्याहून चांगली वेळ कोणती? आणि नेमक्या त्याच वेळी महाविद्यालयाच्या खोल्यांना कुलपे लागतात. तुम्ही कोणत्याही तालुक्याच्या स्टँडवर संध्याकाळी पाच वाजता जाऊन पाहा. सिमेंटच्या बाकावर वह्या उघडून चार पोरे एकमेकांना गणित समजावून सांगत असलेली दिसतील. खरे लवचीक अध्ययन दालन तेच आहे. तेथे पंखा नाही, फळा नाही, उजेड बेताचा. पण ते उघडे आहे.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप संख्येचा. एका वर्गात शंभर-सव्वाशे मुले. गट कसे पाडणार? मी उलट विचारतो, शंभर मुलांना व्याख्यान तरी पोहोचते काय? मागल्या चार बाकांवरची मुले काय करतात हे प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक असते. गर्दी हे व्याख्यान चालू ठेवण्याचे कारण नसून ते सोडण्याचे कारण आहे. माझ्या चार इयत्तांनी मला हेच शिकवले.

दुसरा आक्षेप असा, की खोल्या उघड्या ठेवल्या तर नासधूस होईल, खुर्च्यांची चाके घरी जातील. थोडी जातील. पण ज्या वस्तूला हात लावण्याची मुलाला बंदी आहे ती त्याने जपावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. साताऱ्याच्या वसतिगृहातली मुले खोली जपत, कारण ती त्यांनी सारवलेली असे.

तिसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. मीही मुलींचा मास्तर आहे. पण कुलूप लावून आपण मुलींना सुरक्षित करीत नाही, तर अंधाऱ्या स्टँडवर पाठवतो. उघडी, दिव्याची खोली, तेथे एक जबाबदार बाई आणि गाडीच्या वेळेची माहिती एवढे असले तर आईबापांच्या जिवाला अधिक स्वस्थता लाभेल.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि तो तर मुळीच खरा नाही. २०१३ पासून 'रूसा' आणि २०२३ पासून 'पीएम-उषा' ह्या योजनांतून उच्च शिक्षणाच्या इमारतींसाठी आणि सामग्रीसाठी पैसा येतो आहे. पुरेसा येतो असे माझे म्हणणे नाही. पण मी जे मागतो आहे त्यासाठी फारसा पैसा लागतच नाही. जमिनीला खिळलेले बाक सुटे करण्यास एक पान्हा लागतो. भिंतीचा खालचा तीन फूट भाग काळा रंगवण्यास दोन डबे लागतात. ओटा रुंद आणि वरून झाकलेला असला की पावसातही तो वर्ग होतो. तेवढे गवंड्याला इमारत बांधतानाच सांगावे लागते. बाकीचे सगळे काम शाईचे आहे.

म्हणून कुलगुरूंना आणि प्राचार्यांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली: दोघांनी मिळून शिकवलेला तास दोघांच्याही खात्यावर पुरा मांडावा, आणि तासिकेवरच्या माणसाला त्याचा पुरा मोबदला द्यावा. दुसरी: अशा प्रत्येक खोलीची एक किल्ली विद्यार्थ्यांनी निवडलेल्या चौघांकडे, त्यांत दोन मुली, द्यावी, आणि खोली शेवटच्या गाडीपर्यंत उघडी ठेवावी. तिसरी: नवी इमारत काढण्याआधी वास्तुकाराने त्या आवारात जुलै महिन्यातला एक आठवडा काढावा, मुलांना, शिपायाला आणि झाडणाऱ्या बाईला विचारावे, की पाणी कोठे साचते, मुले कोठे जमतात आणि का जमतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षण, चर्चा, अनुभव हे सगळे शब्द आहेत, आणि आपल्या राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते धोरण २०२४ पासून लागूही झाले. शब्द आले आहेत; त्यांना राहण्यास जागा पाहिजे.

ह्या तिन्हींपैकी एकही गोष्ट अवघड नाही, आणि म्हणूनच त्या होत नाहीत. इमारत बांधणे सोपे, कारण तीत कोणाला काही सोडावे लागत नाही. उलट कोनशिलेवर नाव येते. किल्ली देणे अवघड, कारण किल्ली दिली म्हणजे हातातले काही गेले. एक हुकूम लिहिताना शाहू महाराजांनी संस्थानातल्या बड्यांचा राग पत्करला होता. आमच्या प्राचार्यांना फार तर कार्यालयातल्या अधीक्षकाचा राग पत्करावा लागेल.

परवा दिवाळीच्या सुट्टीला ती पोर वाड्यावर आली, तशी वाटेत शाळेतही डोकावली. मी विचारले, "उघडली का गं ती खोली?" म्हणाली, "पाव्हणं आल्यावर दोनदा उघडली." मग अभ्यास कोठे करता? तर त्या खोलीच्याच बाहेर, ओट्यावर. बाहेरचा दिवा सातपर्यंत असतो. सहा-सात जण बसतात, रसायनशास्त्राची समीकरणे फरशीवर खडूने लिहितात, चुकले तर पायाने पुसतात. "आनी खडू?" मी विचारले. ती हसली. "शिपाईमामा आणून देत्यात. खडूला सही लागत न्हाई, म्हनत्यात."

त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी हा अंक घेतला असेल, तर त्यांना एवढेच सांगतो: सुट्टी संपली की एखाद्या संध्याकाळी साडेपाचला आपल्या ओट्यावरून जावे. खिशात किल्ली असू द्यावी.